डोक्याचं वजन

फ्रेम्पोमा मॅडमच्या निळ्या कंटेनरमध्ये
आले तेव्हा सोबत आणलं होतं एवढंच:
फीचे अर्धे पैसे, लिमोनेडचा एक क्रेट,
बसायला स्वतःची खुर्ची,
आणि आईनं भरलेला दम,
शिकल्याशिवाय तोंड दाखवू नकोस.

कुमासीच्या या टोकाला सगळे गॅरेजवाले.
एका अंगाला टायरची टपरी, दुसऱ्या अंगाला वेल्डिंग.
दिवसभर ठिणग्या उडतात,
आमच्या आरशात त्या उलट्या दिशेला जातात.

पहिलं वर्ष झाडण्यात गेलं.
केस झाडूचं ऐकत नाहीत,
गोळा केले की पुन्हा सुटतात,
आणि रात्री जेवताना जिभेवर सापडतो
कुण्या अनोळखी बाईचा एखादा.
केस सरळ करायच्या औषधानं
माझ्या बोटांची सालं निघाली.
मॅडम म्हणाल्या, "बरं झालं.
आता कळेल, लोकांच्या टाळूला काय होतं."

दुसऱ्या वर्षी खुर्चीच्या पाठीला काळा दोरा बांधून
वेण्या घातल्या, सोडल्या, घातल्या.
मग प्लॅस्टिकचं डोकं मिळालं, तिघींत एक.
करवंटीसारखं हलकं,
त्याला मत नाही, घरी जायची घाई नाही.
तरी मॅडम कंगव्याच्या शेपटीनं पाठीत टोचायच्या:
"विचार तिला."
आणि मी त्या प्लॅस्टिकला विचारायचे,
"दुखतंय का?"
वेल्डिंगची पोरं काळा चष्मा वर करून हसायची.

डुफीआजी शुक्रवारी यायच्या.
पांढरे, विरळ केस; त्यांच्या सहा वेण्या,
टाळूला चिकटून, कपाळापासून मानेपर्यंत.
मी कंगवा उचलला की म्हणायच्या,
"ही पोर लांब उभी राहील.
आहेत तेवढे केस मला मरेपर्यंत पुरवायचेत."
तीन वर्षांत त्यांच्या एका केसालाही
मी धक्का लावला नाही. लावू दिलाच नाही त्यांनी.

हरमटानची धूळ सुरू झाली,
आरसा दिवसातून चारदा पुसावा लागायचा.
एका शुक्रवारी त्या आल्या नाहीत.
पुढच्याही.
मग त्यांच्या लेकीचा फोन:
शनिवारी अंत्यविधी, शवागारातून आदल्या रात्री आणणार,
केस तुम्हीच करा.

पहाटे तीनला त्या खोलीत पंखा, कापूर,
सोन्याच्या बांगड्या मोजणाऱ्या बायका.
मॅडमनी डबा उघडला, कंगवा काढला.
तो पडला. उचलला. पुन्हा पडला.
माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोकुआ, तू."

मी ते डोकं दोन्ही हातांत घेतलं.
जिवंत माणूस आपलं डोकं स्वतःच धरून असतो,
हे मला तेव्हा कळलं.
डोळे मिटून, घोरत का असेना,
मानेशी थोडं राखून ठेवतो.
डुफीआजींनी सगळं दिलं.
माझी मनगटं भरून आली.

पहिला भांग डावीकडे सरकला. मोडला. पुन्हा पाडला.
तिसऱ्या वेणीत कानामागे गुंता लागला,
हात थांबला,
आणि सवयीनं तोंडातून गेलं,
"दुखतंय का?"

बांगड्यांचा आवाज थांबला.
पंख्यानं एक फेरी मारली, दुसरी मारली.
मागून मॅडमचा आवाज आला, घोगरा:
"नाही म्हणतायत.
जरा ओढून घाल, सैल वेणी त्यांना चालत नाही."

सहावी वेणी मानेशी किंचित वाकडी गेली.
सोडवायला वेळ होता.
मॅडमनी पाहिलं, आणि उशी सारखी केली.

एप्रिलमध्ये माझी सुटका झाली.
डोक्यावर पांढरी पावडर ओतली, फोटो काढले,
प्रमाणपत्रावर नावात एक अक्षर जास्त पडलं.
आईनं ते तसंच चौकटीत लावलं.

आता गिऱ्हाईक बसलं की
कंगव्याआधी मी त्याचं डोकं
क्षणभर तळहातांवर तोलते.
त्यांना वाटतं, मसाज आहे.